छोट्या कुत्र्यांची काळजी, मोठ्या कुत्र्यांची जबाबदारी

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात केलेले भाषण. बोलताना राहून गेलेले एक-दोन मुद्दे लिहिताना घातले आहेत.)



या मालेत माझ्या आधी मधुमेहावर व्याख्यान झालं, मग सौरऊर्जेवर झालं. मी बँकेतला माणूस. छत्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेला. त्यामुळे मी मृत्युपत्र, नॉमिनेशन असं काहीतरी बोलेन, असं सगळ्यांनी धरलं होतं. सचिवांना मी सांगितलं, मला कुत्र्यांवर बोलायचंय. ते हसले. म्हणाले, "अहो, तो विषय आपण मोठ्या कष्टाने मिटवलाय." मी म्हटलं, मिटवला नाही, फाईल बंद केलीय. दोन्हींत फरक आहे, हे बँकेतल्या माणसाला बरोबर कळतं.

आपल्या पाच विंगमध्ये आज बारा पाळीव कुत्री आहेत. परवाच मोजली. त्यांतली आठ छोटी आहेत, म्हणजे दहा किलोच्या आतली. चार मोठी आहेत. लिफ्ट, जिना, पार्किंग, मागचा बगीचा, गेटसमोरचा रस्ता सगळ्यांना एकच. म्हणजे लहान आणि मोठं कुत्रं समोरासमोर येणं हे आपल्याकडे रोज घडणार. ते टळणार नाही. ते नीट कसं व्हावं, एवढंच आपल्या हातात आहे.

आमच्या चिंगीची गोष्ट जुन्या सभासदांना माहीत आहे. निदान माहीत आहे असं त्यांना वाटतं. नव्या सभासदांसाठी सांगतो.

चिंगी म्हणजे पांढरी, केसाळ, सहा किलोची कुत्री. आम्ही तिला पॉमेरेनियन म्हणायचो. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की आपल्याकडे घरोघरी ज्याला पॉमेरेनियन म्हणतात, ते बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतं. मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला तेव्हा चिंगी आमच्याकडे राहिली. आठ वर्षांची झाली होती. आवाज मात्र खणखणीत. बी विंगमधला ब्रुनो दिसला की पुढचे दोन पाय उचलून भुंकायची. ब्रुनो रॉटवायलर, तेव्हा अडीच वर्षांचा, पंचेचाळीस किलोचा. तो बिचारा मान वळवून बाजूला बघायचा आणि आम्ही सगळे हसायचो. "मूर्ती लहान पण कीर्ती महान" म्हणायचो. मीच सगळ्यात जास्त हसायचो.

सहा वर्षांपूर्वी धनत्रयोदशीच्या रात्री साडेनऊच्या सुमाराला मी चिंगीला घेऊन खाली निघालो. हातात ती बटण दाबलं की लांब होणारी दोरी होती. लिफ्टचं दार उघडलं, चिंगी पुढे पळाली, मी मागे मोबाईल खिशात घालत होतो. दाराबाहेर ब्रुनो उभा. त्याची दोरी चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात. त्याच क्षणी पार्किंगमध्ये कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला. चिंगी सवयीप्रमाणे भुंकत त्याच्या अंगावर गेली. ब्रुनोने तिला पाठीत धरलं आणि दोनदा झटकलं. तो मुलगा दोरीला अक्षरशः लोंबकळत होता. वॉचमनने पाण्याची बादली ओतली, तेव्हा ब्रुनोने सोडलं. सगळा प्रकार दहा-पंधरा सेकंदांचा.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. यापुढची मी कुणाला सांगितली नव्हती.

चिंगी स्वतःच्या पायांवर उभी राहिली. केस बाजूला करून पाहिलं तर पाठीवर दोन छोटी भोकं. रक्त फार नव्हतं. आम्ही हळद दाबली, सौ.च्या जुन्या सुती साडीत गुंडाळलं. नेहमीचा दवाखाना दिवाळीमुळे बंद होता. रात्रभर उघडं असणारं जनावरांचं रुग्णालय बारा-तेरा किलोमीटरवर. सौ. म्हणाली, "अहो, रिक्षा बघा ना." मी म्हटलं, "दोन दात लागलेत नुसते. सकाळी बघू." रात्रभर ती बसून होती, आडवी होईना. पाण्याला तोंड लावेना. श्वास भराभर चाललेला. मला वाटलं, घाबरलीय.

सकाळी दहा वाजता नेलं. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. दोन बरगड्या मोडलेल्या, एकीचं टोक फुप्फुसात गेलेलं. वरची कातडी जवळजवळ शाबूत आणि खाली स्नायू फाटलेले. नरकचतुर्दशीला दुपारी चिंगी गेली. डॉक्टर म्हणाले, "रात्रीच आणली असती तर निदान प्रयत्न करता आले असते."

सोसायटीत मी काय सांगितलं? "ब्रुनोने चिंगीला मारलं." ते खोटं नव्हतं. पण ते अर्धं होतं. डॉक्टरांचं वाक्य मी गिळून टाकलं. या भाषणाची तयारी करताना सौ. म्हणाली, "बोलणार असाल तर ते पण सांगा, नाहीतर बोलू नका." म्हणून सांगितलं.

आता मुद्द्यावर येतो. पहिला मुद्दा, हा धोका नेमका कशातून येतो?

मी बँकेतला माणूस, म्हणून हिशोब करून पाहिला. ब्रुनो पंचेचाळीस किलो, चिंगी सहा किलो. म्हणजे साडेसातपट. माझं वजन अडुसष्ट किलो. माझ्यासमोर पाचशे किलोचा बैल उभा केला तर जे प्रमाण होईल, ते हे. तो बैल स्वभावाने गरीब असेल, पण त्याने खेळता खेळता शिंग लावलं तरी मी दवाखान्यात. म्हणून "आमचा कुत्रा फार प्रेमळ आहे हो, काही करत नाही" हे वाक्य छोट्या कुत्र्याच्या मालकाच्या काही उपयोगाचं नसतं. मोठ्याचा पंजा खेळात पडला तरी छोट्याचं हाड मोडू शकतं.

दुसरं असं की छोटं कुत्रं घाबरून पळायला लागलं, बारीक आवाजात केकाटायला लागलं, की एरवी शांत असणाऱ्या मोठ्या कुत्र्याच्या डोक्यातही शिकारीची वृत्ती जागी होऊ शकते. त्या घटकेला समोरचं कुत्रं त्याला कुत्रं वाटत नाही, ससा वाटतो. मग धरणं आणि झटकणं. ही झटकण्याची कृतीच घातक असते. दात आत जातात तेव्हा कातडीला दोन भोकंच पडतात, पण झटक्याने कातडी आणि आतला भाग वेगवेगळे ओढले जातात. बाहेर काही दिसत नाही. आत सगळं विस्कटलेलं.

तिसरं म्हणजे छोट्यांची हिंमत. सध्या आमच्याकडे ठकी आहे, डॅशहुंड, सात किलोची. ही जात जर्मनीत बिळात शिरून बॅजर नावाच्या दांडग्या जनावराला भिडण्यासाठी पैदा केलेली. नावातला 'डाख्स' म्हणजे तोच बॅजर. रॉटवायलरही तिकडचाच, रॉटवाइल गावचा. गुरं हाकायला आणि खाटकांचे गाडे ओढायला तो वापरत. म्हणजे सात किलोच्या जिवात सत्तर किलोचा आत्मविश्वास असतो. तो आपल्याला गोंडस वाटतो. समोरच्या मोठ्या कुत्र्याला तो आव्हान वाटतो.

म्हणून छोट्या कुत्र्यांच्या मालकांना माझं पहिलं सांगणं, आणि हे मी माझ्या चुकीवरून सांगतोय. आपलं कुत्रं दुसऱ्यावर भुंकतं तेव्हा हसू नका. मोठ्या कुत्र्याने गुरगुर केली तर आपण तक्रार लिहितो, छोट्याने केली तर व्हिडिओ काढतो. भुंकायला सुरुवात होण्याआधीच वळून दुसरीकडे चला. समोरचं कुत्रं दिसूनही ते शांत राहिलं तर खिशातून खाऊचा तुकडा द्या. रोज केलं तर महिना-दोन महिन्यांत फरक पडतो. ठकीवर करून पाहिलंय.

दुसरं सांगणं दोरीचं. ती बटणाची लांब होणारी दोरी सोसायटीच्या आवारात नको. आणीबाणीच्या वेळी ती आवळता येत नाही, हाताने पकडली तर तळहात कापतो. साधी चार-पाच फुटांची दोरी घ्या. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीभोवती बांधायचा हार्नेस घ्या. छोट्या जातींची श्वासनलिका नाजूक असते, गळ्याला हिसका बसला की खोकला सुरू होतो. शिवाय प्रसंग आला तर हार्नेसला धरून कुत्रं पटकन उचलता येतं. आणि दोरी सारखी ताणून धरू नका. आपला हात ताठ झाला की तो ताण कुत्र्याला लगेच कळतो. त्याला वाटतं, मालक घाबरलाय, म्हणजे घाबरण्यासारखं काहीतरी आहे.

तिसरं, समोरच्या कुत्र्याकडे बघायला शिका. शेपूट हलतेय म्हणजे खूश आहे, हा आपला सगळ्यात मोठा गैरसमज. अंग सैल, तोंड थोडं उघडं, कंबरेपासून सगळं हलतंय, तर ठीक. पण शेपूट काठीसारखी वर उभी आणि नुसतं टोक थरथरतंय, तोंड मिटलेलं, अंग ताठ, नजर एका जागी रोखलेली, पाठीवरचे केस उभे, असं दिसलं की थांबा आणि दिशा बदला. गुरगुरणं ही तर कृपाच समजा. ती आगाऊ नोटीस आहे. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारलं तर ते नोटीस द्यायचं बंद करतं आणि थेट चावतं. आपलं कुत्रं झोप नसताना जांभया देतंय, ओठ चाटतंय, मान फिरवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतंय, आपल्या पायामागे लपतंय, तर त्याला पुढे ढकलून "जा, हॅलो कर" म्हणू नका.

आता समजा, एखादं मोठं कुत्रं सुटं होऊन आपल्याकडे येतंय. पळायचं नाही, किंचाळायचं नाही. आपण आपल्या कुत्र्याच्या आणि त्याच्या मध्ये उभं राहायचं, ठाम आवाजात "थांब" म्हणायचं. एखादी गाडी, गेट, दुकानाची पायरी असेल तर तिच्या आड व्हायचं. माझ्याकडे हल्ली बारा महिने छत्री असते. लोक विचारतात, ऊन नाही पाऊस नाही, छत्री कशाला? समोर छत्री फटकन उघडली की बरीच कुत्री दचकून थांबतात, आणि आडोसाही होतो. कुत्र्याला उचलायचं असेल तर लवकर आणि शांतपणे उचला, छातीशी घट्ट धरा, पाठ फिरवा. दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरू नका, मोठं कुत्रं त्यासाठी उडी मारतं आणि तुम्हीच खाली पडता. आपल्या वयाच्या माणसांनी तर हे फार लक्षात ठेवावं.

आणि समजा धरलंच, तर? आपला हात मध्ये घालायचा नाही. ओढायचं तर मुळीच नाही, कारण दात रुतलेले असताना ओढलं की जखम फाटत जाते. पाणी, मोठा आवाज, अंगावर टाकायला चादर किंवा सतरंजी, मध्ये सरकवायला एखादी फळी. दोन जाणती माणसं असतील तर मोठ्या कुत्र्याचे मागचे दोन्ही पाय ढकलगाडीसारखे उचलून धरायचे, आणि तोंड सुटलं की मागे नेत वेगळं करायचं. आपल्या वॉचमनने त्या रात्री बादली ओतली, तेच बरोबर होतं. त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

त्यानंतरची गोष्ट मी मुद्दाम सावकाश सांगतो. जखम कितीही छोटी दिसू दे, मोठ्या कुत्र्याने छोट्याला धरून झटकलं असेल तर त्याच रात्री, त्याच तासाला डॉक्टरांकडे न्या. चालतंय, शेपूट हलवतंय, पाणी पितंय, तरीही न्या. भराभर श्वास, पांढरट हिरड्या, आडवं होता न येणं ही आतल्या दुखापतीची लक्षणं आहेत. उचलताना पाठीखाली फळी किंवा ताठ पुठ्ठा द्या. हळद, चुना, कॉफी काही लावू नका. स्वच्छ कापडाने झाकायचं आणि निघायचं. रिक्षाचे दोन-तीनशे रुपये आणि अर्ध्या रात्रीची झोप, एवढाच खर्च असतो. मी तो वाचवला.

माणसाला दात लागले असतील तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच रुग्णालय गाठायचं. पाळीव आहे, लसवंत आहे, आपल्याच सोसायटीतलं आहे, असा विचार करून थांबायचं नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर त्यावर जवळजवळ इलाज नाही. लस वेळेवर घेतली तर मात्र बचाव होतो. पहिल्या दिवशीची घेतली आणि बरं वाटतंय म्हणून पुढच्या सोडल्या, असंही करायचं नाही. डॉक्टरांनी कार्डावर लिहून दिलेल्या सगळ्या तारखा पाळायच्या.

आता मोठ्या कुत्र्यांच्या मालकांना दोन शब्द. आपल्या कुत्र्याला धरून ठेवण्याची ताकद ज्याच्या हातात आहे त्यानेच दोरी धरावी. घरातल्या शाळकरी मुलाला किंवा आजीला पाठवू नका. पंचेचाळीस किलोने हिसका दिला तर त्यांचा काय इलाज चालणार? दिवसभर गॅलरीत बांधून ठेवलेलं, फिरायला न मिळालेलं कुत्रं चिडकं होतं, त्यात त्याचा दोष नाही. पिल्लू असतानाच, साधारण तीन ते चौदा आठवड्यांच्या काळात, त्याला वेगवेगळी माणसं, आवाज, लहान-मोठी कुत्री सवयीची झाली तर पुढचं निम्मं काम होतं. लसीकरण चालू असतं म्हणून डॉक्टरांना विचारून करायचं, एवढंच. महापालिकेचा परवाना आणि रेबीजची लस यांचे कागद ताजे ठेवा.

आणि मुसकी. मळणीच्या वेळी बैलांना घालतात तशी जाळीची मुसकी कुत्र्यांसाठीही मिळते. तोंडावर घट्ट बसणारी कापडी पट्टी फिरायला नेताना नको. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते जीभ बाहेर काढून धापा टाकूनच अंग थंड करतं. एप्रिलच्या उन्हात तोंड बांधलं तर ते कोसळेल. जाळीच्या मुसकीत त्याला धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. घरात खाऊ देऊन आठवडाभर सवय लावली की ते कुरकुर करत नाही. मुसकी घातलेलं कुत्रं दिसलं म्हणजे ते वाईट, असं समजू नका. त्याचा मालक शहाणा, एवढाच त्याचा अर्थ.

आता थोडं कायद्याचं बोलतो, कारण त्यात माझी दुसरी चूक आहे.

चिंगी गेल्यावर महिन्याभरात आपण विशेष सर्वसाधारण सभा घेतली. वीस किलोंपेक्षा जास्त वजनाचं कुत्रं सोसायटीत ठेवता येणार नाही, असा ठराव मी मांडला. मसुदा माझा, अक्षर माझं. मोठ्या बहुमताने मंजूर झाला. टाळ्याही वाजल्या. आणि तो टिकण्यासारखा नव्हता. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने 2015 साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे की रहिवासी संघटनांना पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, अगदी बहुमताने ठराव केला तरीही. बी विंगच्या त्या कुटुंबाने वकिलांमार्फत ते पत्र दिलं आणि आपण ठराव मागे घेतला. आयुष्यभर कागद वाचून कर्ज मंजूर करणारा मी. रागात एक कागदसुद्धा वाचला नव्हता.

पुढे मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने तेवीस जातींच्या कुत्र्यांबाबत राज्यांना पत्र पाठवलं, तेव्हा आपल्यापैकी काहींनी माझा जुना ठराव पुन्हा काढायला सांगितलं. मी नाही म्हटलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द केलं. संबंधितांचं म्हणणं ऐकून घेतलं नव्हतं, हे त्याचं एक कारण. मला विचाराल तर जातीची यादी करून प्रश्न सुटत नाही. बँकेत आम्ही आडनाव बघून कर्ज देत नव्हतो, माणसाची वागणूक आणि जुना व्यवहार बघत होतो. कुत्र्याचंही तसंच करावं. मात्र जात मोठी आणि ताकदीची असेल तर मार्जिन जास्त ठेवायचं. ब्रुनो चुकला तर काय होतं आणि ठकी चुकली तर काय होतं, यात फरक आहेच.

कायदा मालकाला मोकळं सोडत नाही, हेही सांगतो. भारतीय न्याय संहितेचं कलम 291 आहे. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. थोडक्यात, बंदी घालता येत नाही, पण बेफिकिरीही चालत नाही. या दोन टोकांच्या मधलं सगळं काम आपल्याला शेजारी म्हणून करायचं असतं.

ते शेजारपण आपण, म्हणजे मी, तीन वर्षं बंद ठेवलं. बी विंगचं ते कुटुंब गणपतीच्या आरतीला यायचं थांबलं. तो मुलगा मला लिफ्टमध्ये पाहिलं की जिन्याने जायचा. चौदा वर्षांचं पोर. त्या रात्री दोरी सोडली नाही त्याने, तळहात सोलून निघाले होते. आम्ही कुणी विचारलंसुद्धा नाही, तुझ्या हाताला काय झालं म्हणून.

ठकी आली तेव्हा ती वर्षाची होती. आमच्या मुलीला परदेशी जावं लागलं, म्हणून आमच्याकडे आली. मी घेणार नव्हतो, सौ.ने घेतली. चौथ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात तो मुलगा, आता कॉलेजात गेलेला. म्हणाला, "आजोबा, ठकीची आणि ब्रुनोची आधीच लांबून ओळख करून देऊ या का? अचानक लिफ्टपाशी भेटायला नकोत."

त्याने सगळं वाचून ठेवलं होतं. सोसायटीच्या आवारात नाही, बाहेरच्या रस्त्यावर, म्हणजे दोघांपैकी कुणाचाच मुलूख नाही अशा ठिकाणी. ब्रुनोला जाळीची मुसकी, दोरी त्याच्या वडिलांच्या हातात. ठकी माझ्याकडे. रस्त्याच्या दोन कडांनी एकाच दिशेला चालायचं, समोरासमोर यायचं नाही. खाऊ नाही, चेंडू नाही, कारण भांडणं बहुतेक त्यावरूनच होतात. पहिल्या दिवशी तीसेक फुटांचं अंतर. ठकी भुंकली की अंतर वाढवायचं, शांत राहिली की दुसऱ्या दिवशी थोडं कमी करायचं. दहा-बारा दिवसांनी दोघं सहा फुटांवरून एकमेकांकडे न बघता चालायला लागली.

त्यांची मैत्री झाली का? नाही झाली. मीही आधी त्याचीच वाट बघत होतो. मुलगा म्हणाला, "आजोबा, मैत्री नकोच आहे. एकमेकांकडे दुर्लक्ष करता आलं की झालं." लहान-मोठ्या कुत्र्यांच्या बाबतीत मला हे सगळ्यात शहाणपणाचं वाक्य वाटतं. नाकाला नाक लावून ओळख करून देण्याचा अट्टाहास नको. आजही ठकी आणि ब्रुनोला आम्ही मोकळं एकत्र सोडत नाही, आणि कधीच सोडणार नाही.

कार्यकारिणीपुढे मी पाच सूचना ठेवल्या आहेत. एक, लिफ्टमध्ये आधीच कुत्रं असेल तर दुसऱ्याने पुढच्या लिफ्टची वाट बघायची, आणि तळमजल्यावर दारासमोर न उभं राहता दारापासून सात-आठ फूट बाजूला थांबायचं. आत असलेल्याने दार उघडण्यापूर्वी दोरी आखूड धरायची आणि आधी माणसाने बाहेर पडायचं. दोन, आवारात कुठलंही कुत्रं, लहान वा मोठं, सुटं सोडायचं नाही. तीन, वॉचमनच्या केबिनमध्ये रात्री उघड्या असणाऱ्या जनावरांच्या रुग्णालयाचा फोन नंबर, एक जाड चादर आणि भरलेली बादली कायम ठेवायची. चार, दिवाळीत फटाक्यांच्या वेळा ठरवायच्या आणि त्या वेळात कुत्री खाली आणायची नाहीत. फटाक्याने दचकलेलं कुत्रं जवळ जे असेल त्याला धरतं. पाच, मोठ्या आणि छोट्या कुत्र्यांच्या मालकांचा एकच व्हॉट्सॲप गट करायचा. दोन वेगळे गट असले की युद्धच सुरू होतं.

यातल्या चार सूचना मान्य झाल्या आहेत. फटाक्यांच्या वेळांवर चर्चा चालू आहे. ती बहुधा सुवर्णमहोत्सवापर्यंत चालेल.

ब्रुनो आता साडेआठ वर्षांचा आहे. त्या जातीत हे म्हातारपणच. मागचे पाय दुखतात, जिने चढवत नाहीत. गेल्या पावसाळ्यात एकदा तो बी विंगच्या पायरीवर बसला होता, शेजारी तो मुलगा. मी जवळ जाऊन विचारलं, "हात बघू तुझा." त्याला कळेना. मग कळलं. उजव्या तळहातावर अजून एक पांढरी रेघ आहे. सहा वर्षं उशिरा विचारलं, पण विचारलं.

आज ते कुटुंब या सभागृहात आहे. त्यांची माफी मी घरी जाऊन मागितलीच आहे. पण ठराव मी सभेपुढे मांडला होता, म्हणून माफीही सभेपुढेच मागतो. आणि जाता जाता पुन्हा एकदा विनंती. दोन दात लागलेत नुसते, असं वाटलं तरी सकाळपर्यंत थांबू नका.